अर्थमंत्री मॅडम, आम्हा एजंटांचं पहिल्या वर्षाचं कमिशन कमी करा

मा. केंद्रीय अर्थमंत्री, नवी दिल्ली

मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यातला विमा एजंट आहे. स्वतःच्याच धंद्याच्या विरोधात लिहायलाय म्हणून आमच्यातले काही जण शिव्या घालतील, घालू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक लाइफ आणि हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला, चांगलं झालं. पण चुकीचीच पॉलिसी गळ्यात पडणार असेल तर ती स्वस्तात पडून काय उपयोग?

आमच्याकडं शेतकऱ्याच्या हातात रक्कम येते ती सोयाबीन मोंढ्यावर गेल्यावर, नाहीतर उसाचं बिल निघाल्यावर. आणि कुणाची जमीन रस्त्यात गेली असली तर मावेजा. मावेजा जमा झाला की भावकीच्या आधी एजंट दारात हजर! म्हाताऱ्याला पाहिजे असते साधी एफडी, तर त्याला सांगायलेत की काका ही एफडीच समजा, पाच वर्षं भरायचं अन् डबल घ्यायचं, आणि सही होते दरसाल लाख रुपये हप्ता असलेल्या पॉलिसीवर. पुढच्या साली पाऊस दगा देतो, हप्ता थकतो, पॉलिसी लॅप्स. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमानं पहिलं वर्ष पूर्ण भरलं असलं तर पॉलिसी मोडल्यावर (सरेंडर) थोडेफार परत मिळतात, पण घातलेले सगळे काही येत नाहीत.

एजंटाचं मात्र काही अडत नाही, कारण त्याचं निघालेलं असतं. पूर्वी नियमातच पहिल्या हप्त्यावर ३५ टक्क्यांपर्यंत कमिशनची मुभा होती आणि चौथ्या वर्षापासून ५ टक्के. म्हणजे लाखाच्या हप्त्यावर आधी पस्तीस हजारांपर्यंत, नंतर पाच हजार. २०२३ ला ही मर्यादा उठवून कमिशन किती द्यायचं ते खर्चाच्या एकूण मर्यादेत राहून कंपनीच्या बोर्डावर सोडलं, पण पहिल्या वर्षाचा ओढा काही गेला नाही. आता सांगा, वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचं कव्हर देणारी सरकारी जीवनज्योती असो की माणूस गेला तरच पैसे देणारा साधा टर्म प्लॅन, हप्ता लहान म्हणजे कमिशनही लहान, ते घरोघर जाऊन कोण समजावणार?

फॉर्म कसा भरतात ते एकदा बघा. तब्येतीचे प्रश्न एजंट वाचतच नाही, वरपासून खालपर्यंत सरळ 'नाही, नाही, नाही' करत सुटतो, आणि शेजारी खिडकीत शुगरच्या गोळ्यांचं पाकीट पडलेलं असतं. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणं तीन वर्षं झाली की कंपनीला पॉलिसीवर बोट ठेवता येत नाही, पण माणूस त्याच्या आत गेला तर आजार लपवला म्हणून क्लेम नाकारतात. मग त्याच्या बायकोनं कुणाला विचारायचं, फॉर्म भरणारा तर फोन उचलत नाही.

फोनवरून आठवलं. फॉर्मवर मोबाइल नंबर आणि ईमेल बऱ्याचदा एजंटाचाच असतो, कारण "काका तुम्हाला कुठं मेल बघता येतो". पॉलिसी त्याच्याच मेलवर येते. पसंत नसलेली पॉलिसी परत करायला आता १५ ऐवजी ३० दिवस मिळतात, ती मिळाल्याच्या तारखेपासून, पण कंपनीच्या हिशेबात ती मिळालेली असते आणि काकाला पत्ताच नसतो. ज्याचा स्वतःचा नंबर असतो त्याला कंपनीचा व्हेरिफिकेशन कॉल हिंदीत येतो अन् एजंट बाजूला बसून खुणावतो, सगळ्याला हांजी म्हणा.

गिऱ्हाईक पण काही साधं नाही बरं का. पहिला सवाल हाच की कमिशनमधलं किती सोडता? त्याच कायद्याच्या कलम ४१ खाली अशी सूट देणारा अन् घेणारा दोघंही चुकीचे, दंड १० लाखापर्यंत, पण आमच्या तालुक्यात हे सांगितलं तर लोक हसतात. मी सोडत नाही म्हटलं की तेच गिऱ्हाईक संध्याकाळी दुसऱ्याकडं. सोडायला पैसा येतो कुठून, तर त्याच पहिल्या वर्षाच्या कमिशनमधून.

म्हणून मागणी एवढीच की कमिशन सगळ्या वर्षांत सारखं वाटा, आणि पहिलं सुद्धा ते ३० दिवस उलटल्याशिवाय देऊ नका. गिऱ्हाईकानं विचारलं तर कमिशन सांगायचं असं आमच्या आचारसंहितेत आहे, पण विचारता येतं हेच कुणाला माहीत नाही, तेव्हा आकडा पॉलिसीच्या पहिल्या पानावरच छापा, मराठीत. व्हेरिफिकेशनचा कॉल मराठीतच करा. एकच मोबाइल नंबर दहा जणांच्या फॉर्मवर दिसला तर कंपनीच्या कॉम्प्युटरला ते कळत नाही हे मला पटत नाही. नवीन पोरं म्हणतील पहिल्या वर्षी खायचं काय, आणि त्यांचं खोटं नाही. एलआयसीच्या योजनेतल्या विमा सखीला, म्हणजे नव्या महिला एजंटला, पहिल्या वर्षी महिन्याला ७००० रुपये देता, तसं काहीतरी त्यांनाही सुरुवातीला द्या.

आपला,
लातूर जिल्ह्यातला एक एजंट

ता.क. बँकांनाही हेच लावा. पीककर्ज मंजूर करताना टेबलावर पॉलिसीचा फॉर्म सरकवतात, आणि कर्ज अडेल या भीतीनं शेतकरी सही करतो. आमच्याशी निदान भांडता तरी येतं, मॅनेजर तर बदली होऊन जातो.