रॉक्सबर्गहून आल्यावर

कराड

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

स्कॉटलंडहून मी सुखरूप पोचले. तू ऑफिसला गेला होतास त्या दिवशी मी एकटी बसने केल्सोला जाऊन आले, आठवतं ना? संध्याकाळी तू विचारलंस, "कसा होता किल्ला?" मी "छान होता" एवढंच म्हणाले. तेव्हा मला बोलवेना, म्हणून आता लिहिते.

केल्सोला टीव्हियट नदी ट्वीडला मिळते. आपल्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात, तसं तिथे नाही. एक मुकाट्याने दुसरीत शिरते. गावाबाहेर त्या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर रॉक्सबर्गचा किल्ला. मी बुरूज शोधत होते. वर गवत, झाडं आणि भिंतींचे थोडे तुकडे, बस्स. शेजारी रॉक्सबर्ग नावाचं भरभराटीचं व्यापारी शहर नांदत होतं, त्याची तर जमिनीवर खूणही उरलेली नाही.

1314 मध्ये किल्ला इंग्रजांकडे होता. स्कॉट सरदार जेम्स डग्लसची माणसं अंधारात काळे झगे पांघरून, गुरांसारखी रांगत तटाशी गेली आणि दोराच्या शिड्यांनी वर चढली. तुला सिंहगड आठवेल. मलाही तोच आठवला. पुढे किल्ला पुन्हा इंग्रजांनी घेतला. 1460 मध्ये स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स त्याला वेढा घालून बसला. त्याला तोफांचं फार वेड. एडिंबरोच्या किल्ल्यावर तू मला दाखवलीस ना मॉन्स मेग, ती त्यालाच 1457 मध्ये राणीच्या माहेरच्या नात्यातल्या बर्गंडीच्या ड्यूकने पाठवली होती. 3 ऑगस्टला तो दुसऱ्याच एका तोफेजवळ उभा होता. ती फुटली आणि त्यात तो गेला. वय 29.

वेढा उठला नाही. काही दिवसांत किल्ला पडला, आणि पुन्हा शत्रूच्या हाती लागू नये म्हणून स्कॉटांनी तो पाडून टाकला. ज्याच्यासाठी राजा गेला, तोच.

परतताना केल्सोच्या ॲबीत, म्हणजे जुन्या ख्रिस्ती मठात, गेले. 1128 सालची, आता तीही भग्न. पश्चिमेकडचा भाग मात्र अजून उंच उभा आहे. तिथेच 10 ऑगस्टला राजाच्या मुलाला मुकुट घातला. बाप जाऊन सात दिवस झालेले, आणि पोर आठ-नऊ वर्षांचं.

मी तिथे बराच वेळ बसून होते. बाबा गेले तेव्हा तूही नऊ वर्षांचा होतास. दहाव्याला घाटावर सगळे तुझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, "आता तूच घरातला कर्ता." तू मान डोलावलीस. मी शेजारीच होते, पण काही बोलले नाही. खरं सांगायचं तर मला तेव्हा त्या शब्दांचा आधार वाटला. मग तू खेळायला जाणं सोडलंस आणि दुधाचा हिशेब वहीत लिहायला लागलास. मी सगळ्यांना कौतुकाने ती वही दाखवायचे. त्या पोराच्या आईपुढे, राणी मेरीपुढे, राज्य होतं, गादी रिकामी ठेवता येणार नव्हती. माझ्यापुढे तसं काही नव्हतं रे. मी त्यांना थांबवायला हवं होतं.

काल फोनवर तू गळक्या पत्र्यांचं विचारत होतास. माणूस सांगितला आहे, सोमवारी येतो. पैसे पाठवू नकोस. मित्रांबरोबर स्काय बेटावर जायचं ठरलंय ना तुमचं, ते यंदा तरी रद्द करू नकोस.

तुझी
आई