नाट्यसमीक्षकाच्या वह्या जिन्याखाली कुजवल्या, याचं उत्तर कोण देणार?

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

पुण्यातल्या एका दिवंगत नाट्यसमीक्षकाची मी मुलगी. गेल्या आठवड्यात मला एका संस्थेतून फोन आला, "मॅडम, तुमच्या वडिलांचं सामान पडलंय इथं. जागा मोकळी करायचीय, टेम्पो घेऊन या." ही संस्था सरकारी अनुदानावर चालते, म्हणून हे पत्र तुम्हाला. तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव छापून आलं की एखाद्या शिपायाला मेमो मिळेल आणि विषय मिटला असं सांगितलं जाईल. मला विषय मिटवायचा नाही.

वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, पहिल्या स्मृतिदिनाला याच संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी व्यासपीठावरून जाहीर केलं होतं की त्यांच्या वह्या-कात्रणांसाठी स्वतंत्र दालन होईल, अभ्यासकांना बसायला टेबल-खुर्ची मिळेल. टाळ्या झाल्या, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. आम्ही सगळे गठ्ठे त्यांच्या स्वाधीन केले. पोचपावती मागितली तेव्हा "आमच्यावर विश्वास नाही का?" असं ऐकून घेतलं.

ते गठ्ठे मला जिन्याखाली सापडले. जुने फ्लेक्स, मोडक्या खुर्च्या आणि गुंडाळलेल्या सतरंज्यांच्या मागे. भिंतीला ओल होती. सगळ्यात खालचा गठ्ठा कात्रणांचा, त्याचा नुसता लगदा झाला आहे. एक पान उचलावं तर खालच्या पानाची शाई घेऊन येतं. टाचण्या गंजून कागदात उतरल्या आहेत, कसरीने कडा खाल्ल्या आहेत. आणि 1972 ते 74 या काळातल्या वह्या त्यात नाहीतच. कुठे गेल्या विचारलं, तर तिथल्या माणसाने मलाच विचारलं, "होत्या याला पुरावा काय?" यादी त्यांनी केली नव्हती. पुरावा मी कुठून आणू?

मंत्रिमहोदय, त्या वह्यांमध्ये काय होतं ते सांगते, कारण तुमच्या खात्यात हे कुणी विचारेल असं मला वाटत नाही. विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग 16 डिसेंबर 1972 ला इथंच, भरत नाट्य मंदिरात झाला. 19 प्रयोगांनंतर ते करणाऱ्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशननेच नाटक थांबवलं आणि 1974 मध्ये थिएटर अकॅडमीने ते पुन्हा उभं केलं. संहिता छापलेली आहे, ती कुणालाही मिळेल. पण त्या सुरुवातीच्या प्रयोगांना पुण्याचा प्रेक्षक कसा बसला, कुठे हसला, कुठे त्याची चुळबुळ सुरू झाली, मध्यंतरात बाहेर चहा पिताना लोक काय बोलत होते, हे अण्णांनी त्याच रात्री लिहून ठेवलं होतं. ते आता परत कुणाला सांगता येणार आहे?

अण्णा अंधारात लिहायचे. पेन्सिलीने, वहीकडे न बघता. एका ओळीवर दुसरी ओळ चढायची. घरी आल्यावर आई दिवा लावून द्यायची आणि ते रात्रीच पक्की प्रत करायचे, कार्बन घालून. एक प्रत कचेरीत, एक घरात. रविवारच्या पुरवणीतला रकाना ठरलेला असायचा आणि ऐनवेळी जाहिरात आली की शेवटचे दोन परिच्छेद उडायचे. ते परिच्छेद बहुतेक वेळा नेपथ्याचे, प्रकाशयोजनेचे, साथीदारांचे आणि लहान भूमिका करणाऱ्यांचे असत. म्हणजे जुन्या अंकांच्या फायली चाळणाऱ्याला ही माणसं सापडायचीच नाहीत. ती फक्त आमच्या घरातल्या कार्बन प्रतीत होती.

राज्य नाट्य स्पर्धा 1954 पासून सुरू आहे, तुमचंच खातं ती घेतं. अण्णा प्राथमिक फेऱ्यांना सोलापूर, सांगली, नगर, जळगाव असे एसटीने फिरायचे. बँकेतले कारकून, गिरणीतले कामगार, शाळामास्तर रजा टाकून, पदरमोड करून नाटक बसवायचे. त्यातल्या कितीतरी नाटकांचा तेवढा एकच प्रयोग झाला. संहिता छापली गेली नाही, फोटो काढला गेला नाही. त्या प्रयोगाबद्दल जगात चार ओळी शिल्लक होत्या, त्या अण्णांच्या वहीत. वर्षानुवर्षं बक्षिसं वाटणाऱ्या सरकारला त्या चार ओळी कुठे ठेवायच्या हा प्रश्न कधी पडला नाही का?

नाटक रंगमंचावर येण्याआधी त्याची संहिता वाचायला मात्र सरकारकडे माणसं आहेत. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घेतल्याशिवाय आजही पडदा उघडत नाही. तेंडुलकरांच्याच 'सखाराम बाइंडर'च्या वेळी हेच मंडळ आडवं आलं आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. म्हणजे कुठलं वाक्य बोलू नये हे ठरवण्याची यंत्रणा पक्की आहे, आणि जे बोललं गेलं, जे लोकांनी पाहिलं, ते जपण्याची जबाबदारी कुणाचीच नाही. याचा मला संताप येतो.

घरचंही सांगते, कारण हे ओझं कुणी वाहिलं ते तुम्हाला कळायला हवं. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा आम्ही नारायण पेठेत राहत होतो. अण्णांच्या सुरुवातीच्या सगळ्या वह्या त्या पुरात गेल्या. त्यानंतर आईने आयुष्यभर कागदांना पाणी लागू दिलं नाही. दोन खोल्यांचं घर, त्यातली एक भिंत कायम गठ्ठ्यांची. दर वर्षी पावसाळा सरला की ती एकेक गठ्ठा गच्चीत सावलीला पसरायची, कडुनिंबाचा पाला बदलायची, फडकी धुऊन पुन्हा बांधायची. मुलांच्या अभ्यासाला जागा नव्हती, पण कागदांना होती. मी तेव्हा तिच्याशी भांडायचे. पुरात गेलं त्याला इलाज नव्हता. पण आता कुठलं धरण फुटलं होतं, साहेब? एका कपाटाची गरज होती. आई आज नव्वदीला आहे, तिला मी जिन्याखालचं काही सांगितलेलं नाही. वह्या लोक वाचायला येतात का, असं ती विचारते आणि मी विषय बदलते. हे खोटं बोलणं माझ्यावर तुमच्या व्यवस्थेने लादलं आहे.

आता आमची सदाशिव पेठेतली इमारत पुनर्विकासाला गेली आहे. दिवाळीपर्यंत घर रिकामं करायचं आहे, भाड्याच्या जागेत माणसांपुरतीच सोय आहे. माझे गुडघे गेलेत. जिन्याखालून उरलेले गठ्ठे मी कुठे नेऊ?

ज्यांना ज्यांना विचारलं त्यांचं एकच उत्तर: स्कॅन करून पेनड्राइव्ह देतो, मूळ कागद घेऊन जा. एकावर एक चढलेल्या पेन्सिलीच्या ओळी स्कॅनमध्ये उतरत नाहीत, तो कागद तिरपा धरून उजेडात वाचावा लागतो. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडाचा लगदा असतो, तो आम्लाने आपोआप पिवळा पडून तुटतो, म्हणून कात्रणांचं स्कॅनिंग जरूर करा. पण वहीचा कागद नीट ठेवला तर अजून शंभर वर्षं सहज टिकेल. टाचण्या काढायच्या, आम्लरहित कागदाच्या फोल्डरमध्ये ठेवायचं, खोली कोरडी आणि हवेशीर राखायची, आणि सगळ्यात आधी यादी करायची. एका सोहळ्याच्या मांडवाला जेवढा पैसा लागतो तेवढ्यात हे वर्षभर चालेल.

हे आपल्याला जमत नाही असं म्हणू नका. याच पुण्यात पेशवे दप्तरातले कोट्यवधी मोडी कागद सांभाळलेले आहेत. पुस्तकं आणि वर्तमानपत्रं राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करायला 1954 चा कायदा आहे. खासगी कागदपत्रं स्वीकारायची मुभा दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराला 1993 च्या कायद्याने दिली आहे. दिल्लीत नटरंग प्रतिष्ठानने 1989 पासून रंगभूमीचा संग्रह उभा केला. मग पुण्यातल्या नाटकांचे कागद आम्ही दिल्लीला पाठवायचे का? 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन करता, 1843 च्या 'सीता स्वयंवर'चं नाव घेता, नटराजाला हार घालता. बालगंधर्व रंगमंदिर पाडायचं की ठेवायचं यावर 2018 पासून चर्चा चालली आहे, एकाही चर्चेत संग्रहाची एक खोली असावी हा मुद्दा मी ऐकला नाही. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा मीही पेढे वाटले. प्राचीनता सिद्ध करायला जुने कागदच उपयोगी पडले ना? मग पन्नास वर्षांपूर्वीचे कागद दोनशे वर्षं जुने होईपर्यंत जगवायचे कुणी? हा प्रश्न एकट्या अण्णांपुरता नाही. नागपूर, कोल्हापूर, औरंगाबाद, बेळगावात नाटकावर लिहिणारी अशी माणसं होती. त्यांच्या घरांचेही पुनर्विकास होत आहेत.

मला सत्कार नको, अण्णांच्या नावाचा पुरस्कार नको, व्यासपीठावरची शाल तर मुळीच नको. त्या हरवलेल्या वह्यांची चौकशी लावा आणि तिचा अहवाल मला द्या. पुराभिलेख संचालनालयाला सांगून पुण्यात रंगभूमीच्या कागदपत्रांसाठी एक कोरडी खोली आणि यादी करता येणारा एक प्रशिक्षित माणूस द्या. उरलेले गठ्ठे दिवाळीआधी कुठे पोचवायचे, तो पत्ता आणि ते ताब्यात घेणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव मला लेखी कळवा. यावेळी प्रत्येक वहीची नोंद असलेली, सही-शिक्क्याची पावती मिळाल्याशिवाय मी एक कागदही हातातून सोडणार नाही.

आपली,
एका नाट्यसमीक्षकाची मुलगी
सदाशिव पेठ, पुणे