शर्यतीला परवानगी देताना उन्हाचाही विचार व्हावा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळी आटोपली की नागपूरच्या चौकाचौकांत धावण्याच्या शर्यतींचे फलक लागतात आणि फुटाळा, अंबाझरी, सेमिनरी हिल्स, सिव्हिल लाइन्स या भागांतील रस्ते पहाटे धावणाऱ्यांनी भरून जातात. त्यांत बँकेतील कर्मचारी, शिक्षिका, डॉक्टर, दुकानदार, सेवानिवृत्त गृहस्थ, मुले मोठी झाल्यावर पहिल्यांदाच स्वतःसाठी वेळ काढणाऱ्या गृहिणी असे सर्व प्रकारचे लोक असतात. मीही त्यांच्यापैकीच एक असून अर्धमॅरेथॉनचे २१ किलोमीटर पार करायला मला जवळजवळ तीन तास लागतात. शर्यतीत मागे धावणाऱ्यांच्या वाट्याला जे येते ते मी जवळून पाहत आले आहे आणि त्याविषयीच हे पत्र आहे. या शर्यतींसाठी रस्ते वापरण्याची परवानगी देताना पोलीस व महानगरपालिका वाहतूक आणि बंदोबस्त यांची चौकशी करतात, तशीच त्यांनी उन्हाचीही चौकशी करावी. शर्यत नक्की किती वाजता सुटणार, शेवटचा धावपटू किती वाजता पोहोचणार आणि एखाद्याला उष्माघात झालाच तर त्याला जागच्या जागी थंड करण्याची सोय काय, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाल्याशिवाय परवानगी देऊ नये, अशी माझी विनंती आहे.

नागपुरातील शर्यती हिवाळ्यात होतात, मग उन्हाचा प्रश्न येतोच कुठे, असे यावर म्हटले जाईल. डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे येथे स्वेटर घालावा लागतो, हे खरे आहे. परंतु फेब्रुवारीच्या उत्तरार्धात दुपारचा पारा ३२-३३ अंशांपर्यंत जातो आणि सकाळी नऊनंतर रस्त्यावरचे ऊन अंगाला जाणवू लागते. त्यातच धावणाऱ्याचे शरीर स्वतःच मोठ्या प्रमाणात उष्णता निर्माण करीत असते. स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिच्यापैकी फार थोडी प्रत्यक्ष धावण्याच्या कामी येते, बाकीची उष्णतेच्या रूपाने शरीरातच राहते आणि ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम सुकणे. पावसाळ्यात हवा दमट असल्यामुळे घाम नुसता निथळतो, सुकत नाही. म्हणूनच ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आभाळ झाकोळलेले असतानाही धावपटूचे शरीर धोकादायक पातळीपर्यंत तापू शकते.

या सगळ्याचा सर्वाधिक भार पडतो तो सावकाश धावणाऱ्यांवर. सकाळी साडेसहाला सुटलेली अर्धमॅरेथॉन चांगला धावपटू आठच्या सुमारास संपवतो आणि त्याला उन्हाची झळ फारशी लागत नाही. त्याच शर्यतीत पहिल्यांदाच उतरलेली पन्नाशीतील महिला साडेनऊला पोहोचते. प्रमुख पाहुणे वेळेवर आले नाहीत, झुंबा लांबला, भाषणे झाली आणि शर्यत चाळीस मिनिटे उशिरा सुटली, तर तिचे शेवटचे चार-पाच किलोमीटर दहाच्या उन्हात जातात. एका शर्यतीत मी हे स्वतः अनुभवले आहे. फेब्रुवारी सरत आला होता आणि पाहुण्यांसाठी शर्यत थांबवून ठेवलेली होती. परतीच्या वाटेवर पाण्याच्या टेबलांवर रिकामे कॅन तेवढे उरले होते आणि स्वयंसेवक सामान आवरत होते, पण आमच्या मागे अजून बरेच लोक यायचे होते. सर्वांनी सारखेच शुल्क भरलेले असते, आणि ज्यांना पाण्याची गरज सर्वाधिक असते नेमक्या त्यांच्यापर्यंतच ते पोहोचत नाही, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

उष्माघात म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मे महिन्यात शेतात किंवा बांधकामावर कोसळलेला मजूर किंवा घरात एकटे राहणारे वृद्ध येतात. श्रमामुळे होणारा धावपटूचा उष्माघात याहून थोडा वेगळा असतो आणि हा फरक शर्यतीच्या वैद्यकीय पथकातील प्रत्येकाला माहीत असायला हवा. येथे त्वचा कोरडी पडलेली असेलच असे नाही, उलट बहुतेक वेळा अंग घामाने डबडबलेले असते. धावपटू अडखळू लागतो, विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर देतो, मदतीला आलेल्यावर चिडतो, आपण कुठे आहोत हे त्याला सांगता येत नाही. अशा वेळी शरीराच्या आतील तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असू शकते, आणि काखेत किंवा कपाळावर तापमापी लावून ते कळत नाही, कारण घाम आणि वारा यांमुळे बाहेरचे माप कमी दाखवते. खरे माप गुदमार्गेच मिळते. त्यासाठी तंबूत पडद्याचा आडोसा, तशी तापमापी आणि संकोच न करणारा प्रशिक्षित माणूस, एवढ्याच गोष्टी लागतात.

उपचाराच्या बाबतीत तर गैरसमज आणखी मोठा आहे. अशा रुग्णाला ताबडतोब रुग्णवाहिकेत घालून रुग्णालयात नेणे हीच सर्वोत्तम मदत, असे आपल्याला वाटते. क्रीडावैद्यकातील आजचा स्वीकृत नियम मात्र आधी थंड करा, मग हलवा, असा आहे. मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांना होणारी इजा ही शरीर किती वेळ तापलेले राहिले यावर अवलंबून असते, म्हणून पहिल्या अर्ध्या तासात तापमान खाली आणणे हेच खरे जीवदान असते. त्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे बर्फ घातलेल्या पाण्याच्या टबात रुग्णाला मानेपर्यंत बसवणे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात फालमथ येथे ऑगस्टमध्ये सुमारे ११ किलोमीटरची एक शर्यत होते. तेथील १८ वर्षांच्या नोंदींचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्या काळात २७४ धावपटूंना श्रमजन्य उष्माघात झाला होता आणि त्या सर्वांना तेथेच थंड पाण्यात बसवण्यात आले. त्यांच्यापैकी एकही दगावला नाही. ही शर्यत अवघी ११ किलोमीटरची आहे, हेही येथे लक्षात घ्यावे, कारण आपल्याकडे ‘टेन के’चा, म्हणजे दहा किलोमीटरच्या शर्यतीचा, धोका कोणी मोजतच नाही.

नागपुरात हे करायला अडचण कसली आहे? घरोघरी कूलर असणाऱ्या आणि चौकाचौकांत बर्फाच्या लाद्या मिळणाऱ्या या शहरात दोन-तीन मोठे प्लास्टिकचे टब, पाण्याचा टँकर आणि बर्फ यांचा खर्च किती येणार? व्यासपीठ, ध्वनिक्षेपक आणि आतषबाजी यांवर होणाऱ्या खर्चापुढे तो काहीच नाही. टब शक्य नसेल तर बर्फाच्या पाण्यात भिजवलेले टॉवेल सतत बदलत अंगावर टाकणे आणि वारा घालणे, हाही उपयोगी उपाय आहे. परंतु मोकळ्या रस्त्यावर नुसती रुग्णवाहिका उभी करून वैद्यकीय सोय झाली असे समजणे योग्य नाही.

मोठ्या शर्यतींनाही हे धडे कष्टाने शिकावे लागले आहेत. ऑक्टोबर २००७ मधील शिकागो मॅरेथॉन अनपेक्षित उष्म्यामुळे आयोजकांना अर्ध्यावर थांबवावी लागली होती. पाणी कमी पडल्याच्या तक्रारी तेव्हा मोठ्या प्रमाणात झाल्या होत्या. आज त्या शर्यतीत हवामानानुसार हिरवा, पिवळा, लाल आणि काळा असे इशारे दिले जातात आणि काळा इशारा म्हणजे शर्यत रद्द. २०१९ साली कतारमधील दोहा येथील जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू करूनही ६८ पैकी २८ धावपटूंना शर्यत सोडावी लागली. त्या सर्व जगातील निवडक खेळाडू होत्या. टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन उष्म्याच्या भीतीने सापोरोला नेण्यात आली आणि तेथेही ऑगस्ट २०२१ मध्ये महिलांची शर्यत आदल्या रात्री निर्णय घेऊन तासभर अलीकडे ओढली गेली. ऑलिंपिकची वेळ उन्हासाठी बदलता येते, तर पाहुण्यांविना शर्यत सुरू करायला आपल्या आयोजकांना संकोच का वाटावा, हे मला समजत नाही.

आयोजकांकडून अपेक्षा करताना आम्हा धावपटूंची जबाबदारीही सांगितली पाहिजे. आम्हा नागपूरकरांना उन्हाची सवय आहे, असे आपण मोठ्या अभिमानाने म्हणतो. उष्ण हवेत रोज थोडा व्यायाम केला तर दहा ते चौदा दिवसांत शरीर तिच्याशी जुळवून घेते, घाम लवकर व अधिक येऊ लागतो, त्यातील मिठाचे प्रमाण घटते आणि रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते. मात्र सराव सुटल्यावर हा लाभ काही आठवड्यांतच ओसरतो. मे महिन्यात मिळवलेली सवय फेब्रुवारीत उपयोगी पडत नाही, आणि दिवसभर कूलर किंवा एसीपुढे बसणाऱ्याला ती मे महिन्यातही नसते. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनसाठी येथून जाणाऱ्यांच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. त्यांचे शेवटचे लांब पल्ल्याचे सराव नागपूरच्या कोरड्या, थंड पहाटे होतात आणि प्रत्यक्ष शर्यत समुद्रकाठच्या दमट हवेत असते. नागपुरात साधलेला वेग तेथे पहिल्या किलोमीटरपासून लावून धरला तर तिसाव्या किलोमीटरनंतर त्याची किंमत मोजावी लागते.

उन्हाळ्यातील सरावाबद्दलही थोडे सांगणे आवश्यक आहे. मे महिन्याच्या अखेरीस येणाऱ्या नवतपात पहाटे पाच वाजताही पारा तिशीच्या आसपास असतो. अशा दिवसांत वेगाचा हट्ट सोडावा, घड्याळाऐवजी श्वासाकडे लक्ष द्यावे, अंतर कमी करावे आणि लांब पल्ला पाऊस स्थिरावल्यानंतर हळूहळू वाढवावा. ताप किंवा जुलाब यांतून नुकत्याच उठलेल्या माणसाने केवळ बिब (शर्यतीचा क्रमांक) घेतले आहे म्हणून धावू नये. शर्यतीपूर्वी खबरदारी म्हणून वेदनाशामक गोळी घेण्याची सवय तर पूर्णपणे सोडावी, कारण शरीरातील पाणी कमी झालेले असताना आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात.

पाणी कमी पिणे घातक आहे, तसेच ते गरजेपेक्षा जास्त पिणेही घातक आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ताची शर्यत संपल्यावर तपासणी झाली, तेव्हा त्यांच्यापैकी १३ टक्के लोकांच्या रक्तातील सोडियम, म्हणजे मिठातील मुख्य घटक, कमी झालेले आढळले. धावताना वजन वाढण्याइतके पाणी पिणे आणि शर्यतीला चार तासांहून अधिक वेळ लागणे या गोष्टींशी त्याचा संबंध दिसून आला. म्हणजे येथेही धोका सावकाश धावणाऱ्यालाच अधिक. म्हणून तहान लागेल तसे घोट घोट पाणी प्यावे आणि लांब पल्ल्यात त्यासोबत मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत किंवा पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच कालवलेले ओआरएस घ्यावे. पाकीट अर्ध्या पाण्यात घट्ट कालवून देणारे स्वयंसेवकही मी पाहिले आहेत. त्यांचा हेतू चांगला असतो, परंतु त्यांना कोणी शिकवलेले नसते.

स्वयंसेवकांना शिकवण्याची आणखी एक गोष्ट म्हणजे सीपीआर, अर्थात हृदय बंद पडलेल्याच्या छातीवर दाब देण्याचा प्रथमोपचार. अमेरिकेतील २००० ते २०१० या काळातील मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉन शर्यतींच्या मोठ्या अभ्यासात सुमारे १ कोटी ९ लाख सहभागींपैकी ५९ जणांचे हृदय अचानक बंद पडल्याचे आढळले. प्रमाण फारच अल्प आहे, पण जे वाचले त्यांच्या बाबतीत जवळच्या माणसाने तत्काळ सुरू केलेला सीपीआर निर्णायक ठरला. कोसळलेला धावपटू श्वास घेत नसेल तर छातीवर दाब देणे आणि तो श्वास घेत असून भ्रमात असेल व अंग तापलेले असेल तर त्याला थंड करणे, एवढे दोन निर्णय पाण्याच्या टेबलावरील महाविद्यालयीन मुलांनाही तासाभरात शिकवता येतील.

परवानगीच्या अर्जासोबत एक पानाचा उष्णता-आराखडा अनिवार्य करावा, अशी माझी पोलीस आयुक्तालयाला आणि महानगरपालिकेला विनंती आहे. उन्हाळ्यात उष्माघात टाळण्यासाठी शहराचा कृती आराखडा राबवणाऱ्या पालिकेला त्यात नवीन काही नाही. त्या पानावर शर्यत सुटण्याची वेळ आणि कट-ऑफ, म्हणजे शर्यत संपवण्याची अंतिम मुदत, लिहिलेले असावेत, शेवटचा धावपटू पार होईपर्यंत पाणी राहील याची हमी असावी, थंड पाण्याचे टब कोठे असतील व तेथे कोण डॉक्टर असतील हे नमूद असावे, आणि ठरलेल्या वेळेपेक्षा शर्यत अर्ध्या तासाहून अधिक उशिरा सुटणार असेल तर अंतर कमी करण्याचे बंधन असावे. फेब्रुवारीच्या मध्यानंतर २१ किलोमीटरची शर्यत पहाटे साडेपाचच्या आत सुटत नसेल, तर तिला परवानगीच देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अंधारात धावण्यासाठी दिव्यांची सोय करावी लागेल, परंतु ती करता येण्याजोगी आहे.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे. शर्यतीच्या बातमीत विजेत्यांच्या वेळा आणि पाहुण्यांची नावे छापली जातात, त्यांच्यासोबत शर्यत प्रत्यक्षात किती वाजता सुटली आणि शेवटचा धावपटू किती वाजता पोहोचला, हेही छापावे.

आपली विश्वासू,
एक हौशी धावपटू,
धरमपेठ, नागपूर