दहनाआधी पेसमेकर काढायचा असतो

संपादक महोदय,

गेल्या आषाढात माझे वडील घरीच गेले. वय 81. फॅमिली डॉक्टरांनी दाखला दिला, भाऊ पालिकेतून पास घेऊन आला. स्मशानभूमीत तिरडी खाली ठेवली, तेव्हा विद्युतदाहिनीवरच्या कर्मचाऱ्याने हळूच विचारलं, ‘‘छातीत मशीन आहे का?’’ आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मशीन होतं. सात वर्षं होतं.

डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढा उंचवटा. हृदयाचा ठोका चुकला की पेसमेकर ते ओळखून विजेचा बारीक इशारा द्यायचा. बाबा जिना चढू लागले की हालचालीवरून ठोके वाढवायचा. सहामाही तपासणीत तंत्रज्ञ छातीवर चकती ठेवून स्क्रीनवर वाचत, ‘‘काका, 12 तारखेला दुपारी चारला ठोके फार पळालेत, काय करत होता?’’ बाबा आठवून सांगत, ‘‘शेजाऱ्यांची म्हैस सुटली होती.’’ इतकी बारीक चौकशी व्हायची, पण माणूस गेल्यावर हे यंत्र काढावं लागतं, हे सात वर्षांत आम्हाला कुणीही सांगितलं नाही.

आतली लिथियमची बॅटरी आगीत फुटते. भट्टीचं नुकसान होतं, जवळच्या माणसाला इजा होऊ शकते. त्या कर्मचाऱ्याने तो आवाज एकदा ऐकला होता, म्हणून त्याने विचारलं. त्याचे उपकार आहेत.

डॉक्टर परत आले. छोटा छेद, दहाच मिनिटं. पण ती दहा मिनिटं पत्र्याच्या शेडखाली, बाबांच्या छातीवरचं कापड बाजूला सारून, साऱ्या भावकीसमोर. धाकट्या भावाने भिंतीकडे तोंड केलं. हेच घरी, दार लावून, आंघोळ घालण्याआधी झालं असतं.

शरीरात पहिला पेसमेकर 1958 साली स्वीडनमध्ये बसवला गेला. ब्रिटनमध्ये 1976 साली दाहिनीत तो फुटल्याची नोंद झाली आणि तिथे दहनाच्या कागदांवर याची विचारणा होऊ लागली. आपल्या पालिकेच्या पासवर एवढी एक ओळ का असू नये? रुग्णालयांनीही पेसमेकरच्या ओळखपत्रावर मराठीत हे छापावं. झटका देणारं यंत्र, म्हणजे डीफिब्रिलेटर, असेल तर ते आधी बंद करून घ्यावं लागतं, नाहीतर काढणाऱ्यालाच झटका बसू शकतो. तेही त्यात लिहावं.

बाबांचं यंत्र कपाटात एका डबीत ठेवलं आहे. ते कुठे जमा करायचं, हेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

– एक वाचक, सांगली