डब्यातल्या सहा गोळ्या

ति. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुम्ही म्हणालात, "कावीळ उतरली, आता विषय संपला." माझा नाही संपला, म्हणून लिहितेय.

रात्री दोन वाजता पलंगाच्या कडेवर तळपाय घासत बसलेले तुम्ही अजून डोळ्यांसमोर येता. तळहातांवर कंगव्याचे ओरखडे. आई साबण बदलून बघत होती, मी ॲलर्जीची गोळी दिली. अंगावर पुरळ नाही, नुसती खाज. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तेव्हा कुठे आपण दवाखाना गाठला.

"गेल्या दोन महिन्यांत कोणती औषधं घेतली?" असं डॉक्टरांनी विचारलं, तर आपण तिघंही "काही नाही" म्हणालो. सायनसच्या अँटिबायोटिकचा कोर्स संपून तीन आठवडे झाले होते, तो कोण लक्षात ठेवणार! त्या कोर्सची, म्हणजे अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडची गोळी इथेच फसवते. ती बंद केल्यावर ६ आठवड्यांपर्यंतही कावीळ होऊ शकते. यकृतातलं पित्त आतड्यात नीट उतरत नाही, त्यातले घटक रक्तात साचतात. खाज त्याचीच, आणि शौचाचा रंग फिका पडला तोही त्यामुळेच. दोष बहुतेक वेळा क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडचा असतो. वयस्कर पुरुषांत हे जास्त दिसतं, काहींच्या जनुकांतच तो धोका असतो. तेव्हा "मी जास्तच गोळ्या घेतल्या का?" हे मनातून काढून टाका. तुम्ही सांगितल्याप्रमाणेच घेतल्या होत्या.

आई, "पुढे लागतील" म्हणून त्यातल्या सहा गोळ्या तू औषधांच्या डब्यात ठेवल्या आहेस. मी पाहिल्या. बाबांच्या पोटात ते औषध पुन्हा गेलं तर त्रास लवकर आणि जास्त जोरात होऊ शकतो. आजच काढून टाक. कंपनीगणिक गोळीचं नाव बदलतं, म्हणून सोबतच्या चिठ्ठीवर घटकांची नावं लिहिली आहेत. बाबा, ती चष्म्याच्या डबीत ठेवा आणि दातांच्या डॉक्टरांनाही दाखवा. त्या गटातलं दुसरं अँटिबायोटिक चालेल का, ते डॉक्टरच ठरवतील.

बहुतेकांचं यकृत काही आठवड्यांत, महिन्यांत सावरतं. क्वचित कुणाच्या पित्तनलिका मात्र कायमच्या खराब होतात. म्हणून रक्ताच्या रिपोर्टमधले यकृताचे आकडे, बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फटेज, पूर्ण नॉर्मल येईपर्यंत तपासणी चुकवायची नाही. शुक्रवारी रक्त द्यायचंय. रिपोर्ट आला की लगेच फोटो पाठवा, आणि रात्री झोप लागते का, ते खरं खरं सांगा.

तुमची,
ताई