फ्लायट्रॅप विकताना पाण्याचे आणि थंडीचेही सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘डास खाणारे झाड’ अशी जाहिरात करून व्हीनस फ्लायट्रॅपची, म्हणजे पानाच्या टोकाचा सापळा मिटून किडे पकडणाऱ्या वनस्पतीची, रोपे मुंबईत सर्रास विकली जातात. अलीकडे त्यात ‘बी-५२’, ‘किंग हेन्री’, ‘लो जायंट’ अशा मोठ्या सापळ्यांच्या जातींची भर पडली आहे. साध्या रोपाचा सापळा दोन ते तीन सेंटीमीटरचा असतो. या जातींचा सापळा चांगल्या जोपासनेत चार-साडेचारपर्यंत जातो आणि बी-५२चा पाचच्या आसपास पोचतो. किंमत अर्थातच जास्त असते. रोप मात्र बहुतेक घरांत वर्ष-दीड वर्षात मरते. ‘आमच्या घरी माश्याच नाहीत, म्हणून उपाशी मेले’ असा समज करून लोक गप्प बसतात. हा समज चुकीचा आहे. फ्लायट्रॅप महिनोन्‌महिने एकही किडा न खाता जगतो. त्याला मारतात ते पाण्यातले क्षार, खताची माती, अपुरे ऊन आणि न मिळालेला हिवाळा.

आधी डासांचे. अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलायना राज्यांतल्या दलदलीच्या पाइन-माळांवर, म्हणजे त्याच्या मूळ घरी, हे रोप प्रामुख्याने मुंग्या, कोळी आणि जमिनीवर चालणारे किडे पकडते. सापळ्याच्या कडेला गोड स्राव असतो, त्याच्या ओढीने ते येतात. डास माणसाच्या श्वासाकडे आणि अंगाच्या वासाकडे ओढला जातो, आणि चुकून सापळ्यात शिरलाच तरी मोठ्या जातीच्या सापळ्याच्या कडेला असलेल्या दातांमधल्या फटीतून निसटतो. उलट धोका दुसराच आहे. हे रोप खाली ताटलीत पाणी ठेवून वाढवतात, आणि स्वच्छ साचलेले पाणी ही डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची आवडती जागा. त्यामुळे ताटलीत एक-दोन सेंटीमीटरच पाणी घालावे, ते तीन-चार दिवसांत शोषले गेल्यावरच पुन्हा भरावे आणि आठवड्यातून एकदा ताटली घासून कोरडी करावी. घासायची अशासाठी, की एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. नुसते पाणी ओतून देऊन भागत नाही.

आता पाणी कोणते? या रोपासाठी पाण्यातल्या विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, म्हणजे टीडीएस, ५० पीपीएमच्या (लिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या) आत हवे. महापालिकेचे पाणी पावसावर भरणाऱ्या तलावांतून येते, म्हणून ते तुलनेने मृदू असते. पण इमारतीच्या टाकीत बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी मिसळले की सगळा हिशेब बदलतो. टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. महागडी जात घेण्याआधी तो घ्यावा. उकळून गार केलेले पाणी चालेल, असे विक्रेते सांगतात. उकळल्याने क्लोरीन जाते, पण वाफ निघून गेल्यावर उरलेल्या पाण्यात बहुतेक क्षार अधिकच दाट होतात. बाटलीबंद पाण्यात बहुधा चवीसाठी खनिजे घातलेली असतात, तेही नको. घरच्या आरओचे पाणी चांगले, पण पुष्कळ यंत्रांत खनिजे परत मिसळणारे काडतूस असते, तेव्हा नळाखाली मीटर धरून खात्री करावी. बॅटरीत घालायचे डीमिनरलाइज्ड पाणी चालते, ॲसिड मिसळलेले मात्र नाही. आणि मुंबईकराला चार महिने आकाशातून मिळते ते तर उत्तमच. पहिल्या एक-दोन सरींत हवेतली आणि छपरावरची धूळ धुतली जाऊ द्यावी, मग घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून ठेवावे. एका कुंडीला उन्हाळ्यात दिवसाकाठी पाव लिटर धरले तर मार्च ते मे या तीन महिन्यांसाठी वीस-पंचवीस लिटर पुरतात.

माती हा शब्दच इथे विसरावा. बागेची लाल माती, शेणखत, गांडूळखत यांतले काहीही मुळांना लागले की ती जळतात. खत न मिसळलेले स्फॅग्नम पीट मॉस (दलदलीतल्या शेवाळाचा कुजलेला भुसा) आणि पर्लाइट (फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे) समसमान घ्यावे. पर्लाइट आधी ओले करून धुवावे, त्याची धूळ श्वासात जाऊ देऊ नये. पाकिटावर ‘खतयुक्त’ असे काही लिहिले असेल तर ते पीट परत करावे. कोकोपीट स्वस्त आणि हाताशी असले तरी त्यात मीठ राहिलेले असते, ते वारंवार धुऊनही खात्री नसते, म्हणून माझे मत ते टाळावे असेच आहे. वाळू घालायची असेल तर ती सिलिका वाळू हवी. बांधकामाच्या वाळूवर थोडे व्हिनेगर टाकून पाहावे, फसफसले तर तिच्यात चुना आहे. खाडीची वाळू तर हातात घेऊ नये. मातीची कुंडी क्षार सोडते, तेव्हा प्लास्टिकची, पांढरी किंवा फिकट रंगाची, निदान १५ सेंटीमीटर खोल घ्यावी. मोठ्या जातींची मुळे खोल जातात आणि उथळ कपात त्यांचा सापळा मोठा होत नाही. काळी कुंडी एप्रिलच्या उन्हात आतून तापते आणि ताटलीतले गरम पाणी मुळे कुजवते.

ऊन किती, याचे उत्तर रोपच देते. पाने लांब, मऊ, लोळलेली आणि सापळा आतून फिका हिरवा राहिला, तर ऊन कमी आहे. चार ते सहा तास थेट ऊन मिळाले की बी-५२चा सापळा आतून लालभडक होतो आणि पाने आखूड, ताठ येतात. पूर्वेकडची किंवा दक्षिणेकडची ग्रिल उत्तम. जागा अपुरी असेल तर ‘लो जायंट’ घ्यावा, त्याची पाने जमिनीलगत पसरतात. ‘किंग हेन्री’ उन्हाळ्यात उंच उभा वाढतो, त्याला डोक्यावर मोकळीक लागते. कुरियरने आलेले रोप पहिल्याच दिवशी उन्हात ठेवू नये. दहा-बारा दिवसांत हळूहळू ऊन वाढवावे. प्रवासात मिटलेले सापळे काळे पडले तरी घाबरू नये, मधून नवे पान येते का तेवढे पाहावे.

जुलै-ऑगस्ट हा खरा कसोटीचा काळ. पाऊस रोपाला हवाच असतो, कुंडीत साठलेले क्षार तो धुऊन काढतो. पण ढगांनी उजेड जातो आणि कोंदट हवेत रोपाच्या मध्यावर करडी बुरशी चढते. तेव्हा ताटली काढून टाकावी, कुंडी विटेवर उचलून ठेवावी, काळी झालेली पाने रोज कात्रीने कापावीत आणि वारा खेळता ठेवावा. ऊन अजिबात नसेल तर पांढऱ्या उजेडाचा (६५०० केल्विन), वीस-तीस वॉटचा एलईडी रोपापासून १५ ते २० सेंटीमीटरवर, दिवसाला १४ तास लावावा. नवी पाने वेडीवाकडी येत असतील तर मावा आहे. अशा वेळी पूर्ण रोप कुंडीसकट आरओच्या पाण्यात एक-दोन दिवस बुडवून ठेवावे. साबणाचे पाणी फवारू नये. बुरशीसाठी गंधकयुक्त औषध चालते, तांबेयुक्त नको.

खाऊ घालण्याच्या हौसेने जितकी रोपे मरतात तितकी उपासाने मरत नाहीत. सापळ्याच्या दोन पाकळ्यांपैकी प्रत्येकीत आतून साधारण तीन स्पर्श ओळखणारे केस असतात. वीसेक सेकंदांत दोनदा स्पर्श झाला की सापळा मिटतो. आत काही हलले नाही तर दिवसभरात पुन्हा उघडतो. हलत राहिले तरच तो घट्ट बंद होतो, पाचकरस सोडतो आणि पाच ते बारा दिवस पचन चालते. प्रत्येक सापळ्याची अशी उघडझाप मोजकीच असते. म्हणून मुलांना बोट घालून दाखवू नये. मोठा सापळा बनवायला रोपाला अधिक शक्ती लागते आणि तो फुकट जातो. कुंडी बाहेर असेल तर काहीच देऊ नये. घरात असेल तर तीन आठवड्यांतून एका सापळ्यात, त्याच्या एक-तृतीयांश आकाराचा किडा द्यावा. मत्स्यालयाच्या दुकानातल्या सुक्या ब्लडवर्म (माशांना खाऊ घालायच्या वाळवलेल्या अळ्या) पाण्यात भिजवून घातल्या तर सापळा मिटल्यावर बाहेरून दोन बोटांनी अर्धा मिनिट हळुवार चोळावा, नाहीतर पचन सुरूच होत नाही. चिकन, पनीर, भात घातला तर सापळा सडतो. फवाऱ्याने मारलेली झुरळे किंवा माश्या विषारी असतात.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हिवाळा. उत्तर कॅरोलायनातल्या विल्मिंग्टन शहराजवळ, जिथले हे रोप मूळचे, अक्षांश ३४ आहे. तिथे डिसेंबरात दिवस दहा तासांच्या आत येतो आणि पारा शून्याच्या जवळ जातो. मुंबई १९ अक्षांशावर. इथे डिसेंबरचा दिवसही अकरा तासांचा आणि रात्रीचे तापमान बहुधा सोळा-सतराच्या खाली उतरत नाही. विश्रांती न मिळालेले रोप दोन-तीन वर्षे तग धरते, पण दर वर्षी सापळे लहान होत जातात आणि शेवटी कंदच संपतो. त्यावर उपाय घरच्या फ्रिजमध्ये आहे. नोव्हेंबरात खाऊ घालणे बंद करावे. डिसेंबरच्या सुरुवातीला रोप कुंडीतून काढावे, मुळे आरओच्या पाण्यात धुवावीत, काळी पाने कापून टाकावीत. मग मुळांना पिळून घेतलेल्या, नुसत्या ओलसर स्फॅग्नम मॉसमध्ये गुंडाळून झिपच्या पिशवीत घालून भाजीच्या कप्प्यात, तीन ते पाच अंशांवर ठेवावे. फ्रीझरलगत नाही, तिथे ते गोठते. झोपलेल्या रोपाला उजेड लागत नाही. दर पंधरा दिवसांनी पिशवी उघडून बुरशी पाहावी. कंद पांढरा आणि टणक असेल तर रोप जिवंत आहे. तपकिरी आणि मऊ झालेला भाग स्वच्छ पात्याने पांढरे लागेपर्यंत कापावा. दहा-अकरा आठवड्यांनी, फेब्रुवारीच्या मध्याला, मार्चचे ऊन तापायच्या आत काढून ताज्या पीट-पर्लाइटमध्ये लावावे. आठवडाभर सावली, मग सकाळचे ऊन. कंदाला जोड फुटलेले दिसले तर याच वेळी वेगळे करावेत. फुलाचा दांडा येतो तो पाच सेंटीमीटरचा असतानाच कापावा, तो ठेवला तर त्या मोसमातले सापळे लहान राहतात.

खरेदी करणाऱ्यांसाठी आणखी एक. ‘बी-५२चे बी’ अशी पाकिटे विकली जातात. बियांपासून आलेले रोप आईसारखे होईलच असे नाही. ही जात फक्त कंद विभागून, पानातून किंवा ऊतीसंवर्धनातूनच (प्रयोगशाळेत पेशींपासून रोपे वाढवून) तशीच मिळते. बी काळे, चकचकीत, जेमतेम एक मिलिमीटरचे असते, आणि त्याचे मोठे रोप व्हायला तीन-चार वर्षे लागतात. निळ्या सापळ्यांचे चित्र असलेले पाकीट सरळ फसवणूक आहे. ऊतीसंवर्धनाचे लहान रोपही पहिल्या वर्षी जातीचा आकार दाखवत नाही, हे विक्रेत्याने आधीच सांगायला हवे.

माझी विनंती रोपवाटिकाचालकांना आणि भायखळ्याच्या राणीबागेतल्या वार्षिक पुष्पप्रदर्शनात गाळे लावणाऱ्यांना आहे. कुंडीसोबत मराठीत एक चिठ्ठी द्यावी: ५० पीपीएमखालचे पाणी, खताविना पीट, चार तास ऊन, दहा आठवडे फ्रिज, ताटलीची साप्ताहिक सफाई. ‘डास खातो’ हे वाक्य काढून टाकावे. ज्या ग्राहकाच्या फ्रिजमध्ये जागा नाही त्याला फ्लायट्रॅपऐवजी ड्रॉसेरा, म्हणजे दवबिंदू, सुचवावा. त्यातल्या बर्मानी आणि स्पॅट्युलाटा जातींना हिवाळी झोप लागत नाही आणि मुंबईची उष्ण हवा मानवते. ही रोपे मात्र रोपवाटिकेत वाढवलेलीच घ्यावीत. कास पठारावरून किंवा कोकणच्या सड्यांवरून उपटलेले रोप कोणी विकायला आणले तर ते घेऊ नये आणि वनखात्याला कळवावे.

आपला,
कीटकभक्षी वनस्पतींचा एक जोपासक,
मुलुंड (पूर्व), मुंबई