त्रेपन्न जणांची यादी आणि त्यानंतरचे वीस तास

महोदय,

ऑगस्टअखेर अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमधल्या संघांनी खेळाडू कमी केले की आपल्या क्रीडा पानावर एक टीका दरवर्षी वाचायला मिळते. भरवशाचा अनुभवी खेळाडू काढला, एकही सामना न खेळलेला नवखा ठेवला, तेव्हा प्रशिक्षकाचे गणित चुकले, असा तिचा सूर असतो. या खेळाच्या संघबांधणीत शेवटच्या सात-आठ जागांचा निकष ‘आज कोण सरस’ हा नसतोच. काढल्यावर कोण परत मिळेल आणि कोण कायमचा हातचा जाईल, यावर त्या जागा भरल्या जातात.

सराव शिबिरात प्रत्येक संघाकडे 90 खेळाडू असतात. पूर्वी ही संख्या टप्प्याटप्प्याने उतरे. 2023 पासून एकाच दिवशी थेट 53 वर यावे लागते. मुदत मंगळवारी, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार दुपारी 4 ची. लीगमध्ये चार मोसम जमा झालेला खेळाडू काढला की त्या क्षणी मोकळा होतो. त्याहून कमी अनुभवाचा खेळाडू मात्र वेव्हर्सवर, म्हणजे इतर संघांच्या दाव्यांसाठी खुल्या यादीत, जातो. बुधवारी दुपारी 12 पर्यंत उरलेल्या 31 संघांपैकी कोणीही त्याच्यावर दावा सांगू शकतो. दावा मान्य झाला की खेळाडूला नाही म्हणता येत नाही. त्याचा करार जसाच्या तसा नव्या संघाकडे जातो. एकापेक्षा जास्त दावे आले तर गेल्या मोसमात तळाला असलेल्या संघाला आधी मान मिळतो. त्याने एक खेळाडू उचलला म्हणून तो रांगेत मागेही जात नाही; हवे तितके दावे तो करू शकतो. साहजिकच ज्याची दुसरी फळी भक्कम, त्याच संघाला या वीस तासांची धास्ती जास्त.

म्हणून दहा वर्षे खेळलेल्या सेंटरला (आक्रमक फळीतल्या मधल्या खेळाडूला) मंगळवारी काढतात आणि बुधवारी-गुरुवारी परत घेतात. यात लेखी काही नसते, नुसता शब्द असतो. तो दुसरीकडे जाऊ शकतो, पण दुसरा संघ त्याला परस्पर ओढून नेऊ शकत नाही. नवख्याच्या बाबतीत हे संरक्षण नाही. शिवाय पहिल्या सामन्याच्या दिवशी यादीत असलेल्या अनुभवी खेळाडूला पुढे काढले, तर उरलेल्या मोसमाचा पगार मागण्याचा हक्क त्याला कारकिर्दीत एकदा वापरता येतो. काही जुने खेळाडू दुसऱ्या आठवड्यात अचानक परततात, त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

दुखापतींचा पेच याहून अवघड. काही आठवड्यांनी बरा होणारा खेळाडू त्याच मोसमात परत हवा असेल, तर 2023 पर्यंत त्याला आधी 53 मध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी जखमींच्या यादीत टाकावे लागे. त्या एका रात्रीची जागा करण्यासाठी कोणाला तरी बाहेर काढणे भाग पडे. 2024 पासून अशा दोघांना कपातीच्याच दिवशी त्या यादीत टाकता येते. नियम सुधारला हे चांगलेच झाले, पण मोसमभरात परत आणण्याच्या एकूण आठ संधी असतात आणि हे दोघे त्यातच मोजले जातात. ऑगस्टमध्ये दोन खर्च केल्या की डिसेंबरसाठी सहाच उरतात.

मग जोखीम कशी जोखायची? हजाराहून अधिक नावे एकदम बाहेर पडतात आणि दावे काही डझनांपुढे सहसा जात नाहीत, कारण दावा करणाऱ्यालाही आपल्या 53 मधून एकाला काढावे लागते. गर्दीत नाव बुडावे म्हणून बरेच संघ शेवटच्या तासापर्यंत थांबतात. माझ्या मते रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) बहुधा दाव्याविना सुटतो; आक्रमक फळीतला तरुण टॅकल (कडेचा अडवणारा) किंवा कॉर्नरबॅक (कडेचा बचावपटू) मात्र क्वचितच, कारण ती माणसे सगळ्यांनाच कमी पडतात. सराव सामन्यांत जो चमकला त्याचे चित्रण सगळ्यांनी पाहिलेले असते. ज्याला लपवायचे, त्याला फार खेळवणे हीच मोठी चूक.

दाव्याविना सुटलेला खेळाडू 16 जणांच्या प्रॅक्टिस स्क्वॉडवर (53 बाहेरच्या सराव संघात) घेता येतो, पण तोवर तो मोकळा असल्याने दुसऱ्या संघाचा स्क्वॉडही निवडू शकतो. पुढेही धोका टळत नाही. दुसरा संघ त्याला थेट आपल्या 53 मध्ये घेऊ शकतो, फक्त किमान तीन आठवड्यांचा पगार द्यावा लागतो. दर आठवड्याला चौघांना यापासून संरक्षण देता येते. सामन्यासाठी दोघांना तात्पुरते वर आणता येते आणि ते वेव्हर्सविना खाली जातात. मात्र एका खेळाडूला मोसमात तीनदाच. चौथ्यांदा हवा असेल तर त्याला 53 मध्ये सही करून घ्यावे लागते, आणि खाली पाठवताना तो नवखा पुन्हा वेव्हर्सवर. ऑक्टोबरमध्ये संघ खेळाडू गमावतात ते बऱ्याचदा या मोजणीत चुकून.

तिसऱ्या आठवड्यानंतर दाव्यांची रांग चालू मोसमाच्या गुणतक्त्यावर लागते आणि नोव्हेंबरमधली अदलाबदलीची मुदत संपली की अनुभवी खेळाडूही वेव्हर्सवर जातात. डिसेंबर 2022 मध्ये कॅरोलिना पँथर्सने सोडलेल्या बेकर मेफिल्डवर लॉस एंजेलिस रॅम्सने दावा केला. आदल्या मोसमाचे विजेते असूनही तेव्हा ते 3 विजय, 9 पराभवांवर होते, म्हणून रांगेत वर होते. मंगळवारी आलेल्या मेफिल्डने गुरुवारी शेवटच्या मिनिटांत 98 यार्डांची चढाई करून रेडर्सना 17-16 ने हरवले. उलट नोव्हेंबर 2021 मध्ये क्लीव्हलँड ब्राऊन्सने सोडलेल्या ओडेल बेकहॅमला कोणी उचलले नाही, कारण त्याच्यासोबत सुमारे 72.5 लाख डॉलरचा पगार येत होता. मोकळा होऊन तो आपल्या मर्जीने रॅम्सकडे गेला आणि फेब्रुवारीत लीगचा अंतिम सामना, सुपर बोल, जिंकला.

एक विनंती. कपातीची मुदत आपल्याकडे बुधवारी पहाटे दीडला संपते, त्यामुळे यादी छापून येते ती गुरुवारच्या अंकात. दाव्यांची मुदतही बुधवारी रात्री साडेनऊलाच संपलेली असते. तेव्हा गुरुवारी मंगळवारची शिळी यादी न देता, कोणाचा खेळाडू कोणी उचलला याची छोटी चौकट द्यावी आणि प्रत्येक नावापुढे त्याचे किती मोसम झाले तो आकडा छापावा.

— एक वाचक, पुणे